मोटारींच्या आवाजावरून शोधलेला काठ

अक्काचा फोन आला तेव्हा मी दुकानात पाण्याच्या एका जळालेल्या मोटारीची तार उपसत होतो. अक्का माझी मोठी बहीण. तिचा फोन यायचा तर रात्री, भांडी घासून झाल्यावर. भर दुपारी आला म्हणजे काहीतरी बिनसलंय, हे हातातली पकड खाली ठेवायच्या आधीच ओळखलं.

"तुझे दाजी बोलत न्हाईत रे."

"भांडलात काय?"

"भांडले आसते तर बरंच की. सकाळी खुर्चीत बसतेत ते अंधार पडल्यावर उठतेत. इचारलं तर हूं. न इचारलं तर हूं बी न्हाई."

दाजींची वस्ती तलवाड्याच्या पलीकडं, माळावर. उभा जन्म मेंढरांमागं चालण्यात गेला. दिवाळी झाली की बिऱ्हाड घोड्यावर लादायचं आणि एकेक मुक्काम करत निघायचं, ते पावसाळ्याच्या तोंडाला परत. असा माणूस गेल्या पावसाळ्यात दारातल्या चिखलात घसरला आणि खुब्याचं हाड मोडून बसला. बीडला ऑपरेशन झालं, आत नवीन वाटी बसली. चालता येतं, पण काठी घेऊन, सपाटीला, थोडं थोडं. डॉक्टरांनी दोन गोष्टी कायमच्या बंद केल्या: उकिडवं बसणं आणि मांडी घालणं. पुण्याच्या कंपनीत असलेल्या माझ्या भाच्यानं, त्यांच्या पोरानं, लाल प्लास्टिकची खुर्ची आणून दिली. जन्मात कधी खुर्चीत न बसलेले दाजी त्या खुर्चीत बसले आणि गप्प झाले.

मला गळ टाकायला शिकवलं ते याच माणसानं. अक्काच्या लग्नानंतर मी त्यांच्याकडं जायचो तेव्हा सिंदफणेच्या डोहावर आम्ही दोघं दिवस दिवस काढायचो. म्हणून म्हणालो, "अक्का, फोन त्यांना दे." त्यांनी फोन कानाला लावल्यावर पुढं बोललो, "दाजी, चला, माजलगावच्या तलावाला जाऊ. गळ टाकू."

त्यांनी आधी खाकरून घेतलं. मग, "कशाला? चौघांनी उचलून न्यायला? ते एकदाच आसतंय. त्याला वेळ हाय आजून."

"उचलायचं कोण म्हणतंय?"

"मंग आईक. माझ्या पायानं पाण्यापतोर जाईन आन् माझ्या पायानं माघारी येईन, आशी जागा आसंल तर बोलव. बगलंत हात घालून नेणार आसशील तर नगं. आन् तसली जागा न्हाई घावली, तर ते तंगूस-गळ घेऊन जा तुझ्याकडं. माझ्या डोळ्यापुढं नगं."

तंगूस म्हणजे आपली नायलॉनची दोरी. दाजी चक्रीचा रॉड वापरत नाहीत. बोटाला दोरीचा वेढा, हातानं फेकायचं, बोटानंच ओळखायचं. म्हणजे फेक जाऊन जाऊन किती जाणार? आता माझ्यापुढचं गणित बघा. भला मोठा तलाव. होडी नाही. मोटारगाडी पाण्याच्या अगदी जवळ गेली पाहिजे. जमीन सपाट आणि टणक पाहिजे. खुर्ची टेकली पाहिजे. आणि हाताच्या फेकीत खोल पाणी पाहिजे, नाहीतर मासा येणार कुठून? हे सगळं एका जागी नाही मिळालं, तर दाजींचा गळ माझ्या दुकानाच्या खुंटीवर येणार होता. आणि तो तिथं आला की माणूसही कायमचा खुर्चीत बसणार, हे मला अक्काच्या आवाजावरून कळलं होतं.

पहिला दिवस: पाणी दिसतं जवळ

माझ्यासारखे परळीहून निघणार असाल तर पहाटेच निघा. वीज केंद्राच्या राखेच्या टिपरांची रांग रस्त्याला लागली की गाडीची काच खाली करता येत नाही, आणि या प्रवासात काच खाली असणं गरजेचं आहे. का, ते पुढं येईलच. सिरसाळ्याला चहा आणि गरम भजी घेतली, तेलगाववरून माजलगाव गाठलं. रस्ता आता बरा झालाय. उसाच्या ट्रॅक्टरांना वाट देत गेलं तरी नाश्त्याच्या वेळेला पोचता येतं. माजलगावात साधी लॉज हजाराच्या आत मिळते, पंखा चालू आहे का तेवढं आधी बघून घ्या.

आधी गेलो मासे उतरवतात तिथं. तलावातल्या मासेमारीचा ठेका असतो. गळानं दोन-चार मासे धरणाऱ्याच्या वाटेला सहसा कोणी जात नाही, पण विचारून बसलेलं बरं. थर्माकोलचे तराफे ओढून ठेवलेले, जाळी वाळत टाकलेली. एकजण जाळ्यातून चिलापी मासे सोडवत होता.

"गळ टाका की. आमच्या जाळ्याकडं नगा टाकू, म्हंजे झालं. पण काठावरून काय घावतंय शेठ? बसा तराफ्यात, मधी नेऊन सोडतो."

"माझ्यासोबत खुब्याचं ऑपरेशन झालेला माणूस असणार आहे."

त्यानं तराफ्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "मंग ऱ्हाऊ द्या. ह्याच्यात आमी कसं बसतो ते आमालाच ठाऊक."

होडीचा विषय तिथं संपला. मग दिवसभर काठ धुंडाळला. धरणाच्या भिंतीवर बसू देत नाहीत, आणि बसू दिलं तरी तिथला दगड सशाला बरा, म्हाताऱ्याला नाही. एका देवळाला घाट होता, पाण्याला खोली होती, मासे उड्या मारताना दिसत होते. पण पायऱ्या बघितल्या आणि मागं फिरलो. बाकी सगळीकडं एकच तऱ्हा. फाल्गुन लागला की तलावाचं पाणी मागं सरकतं आणि उघड्या पडलेल्या गाळात लोक पेरतात. गाळपेर म्हणतात तिला. हरभरा, मका, टरबूज, कडवळ. हिरव्या पट्ट्यापलीकडं पाणी चकाकत असतं आणि वाटतं, हे काय, पोचलोच. चालायला लागलं की पाणी आपल्याबरोबर मागं मागं जातं. आणि पोचलं तर गुडघाभर. तिथं बगळे गळाशिवायच पोट भरतात.

एका ठिकाणी तर वरून भेगाळलेला, वाळलेला गाळ बघून बिनधास्त पाय टाकला आणि गुडघ्यापर्यंत आत गेलो. पाय निघाला, चप्पल राहिली. हात घालून शोधली तेव्हा भलतीच एक चप्पल हाताला लागली. माझ्याआधी कोणीतरी अक्कल शिकून गेला होता.

संध्याकाळी लॉजवरून वस्तीवर फोन केला. खरं तर अक्काला सांगत होतो, पण तिनं फोन मोठ्या आवाजावर ठेवलेला. पलीकडून एकदम दाजींचं खोकल्यासारखं हसू आलं.

"काय बे, चपली पेरून आला का? आरं, लेंड्या बघून चालावं. मेंढरू जिथं उभं ऱ्हातंय तिथं माणूस खचत न्हाई. मेंढराचं खूर बारीक, वजन समदं टोकावर. त्याला पेलतंय तर तुला बी पेलंल, पोट घेऊन."

"तुम्ही येऊन दाखवा."

"जागा हुडक आधी," म्हणाले आणि फोन अक्काकडं दिला. ती हळूच म्हणाली, "आज लई बोलले बघ." त्या रात्री खानावळीतली शेवभाजी झणझणीत होती की मलाच भूक लागली होती, सांगता येत नाही. दोन भाकरी जास्त गेल्या.

दुसरा दिवस: काच खाली, कान बाहेर

सकाळी चहा पिताना डोक्यात उजेड पडला. मी माझं काम सोडून दुसऱ्याचं काम करत होतो. मी काही मच्छीमार नाही. पंधराव्या वर्षी दुसऱ्याच्या दुकानात मोटारींची तार गुंडाळायला बसलो, ते करत करत स्वतःचं दुकान टाकलं. मला पाण्यातलं कळत नाही, मोटारीतलं कळतं. आणि तलावाच्या काठानं तर मोटारीच मोटारी आहेत!

हा भाग होडीवाचून मासे धरू बघणाऱ्यांनी नीट वाचा. गाळपेरवाला पाणी उपसायला काठावर मोटार ठेवतो. पाणी मागं गेलं की मोटार पुढं न्यावी लागते. जिथं काठ पसरट आहे तिथं मोटारीच्या जुन्या जागा ओळीनं दिसतात, एकाखाली एक, जिना असावा तशा. तिथं बसू नका. पाणी उथळ आहे. जिथं मोटार संक्रांतीपासून एकाच जागी बसून आहे, तिथं काठाला लागून खोली आहे. कारण पाणी उतरलं तरी पाइपाचं टोक पाण्यातच राहतं.

आणि हे बघायला उतरावंसुद्धा लागत नाही. ऐकू येतं. उथळ पाण्यातली मोटार हवा घेते. मध्येच घुरघुरते, दमेकऱ्यासारखी, मग आवाज चढतो, मग पुन्हा घुरघुर. खोल पाण्यातल्या मोटारीचा सूर एकच, भरल्या पोटाचा. मी काच खाली केली आणि काठाकाठाच्या कच्च्या रस्त्यानं पहिल्या गिअरमध्ये निघालो. घुरघुर, घुरघुर, बंद, घुरघुर. एका बाईनं डोक्यावरचा भारा सांभाळत विचारलं, "काय हरवलंय का, दादा?" मी म्हणालो, "ऐकतोय." ती झटझट पुढं गेली.

ऊन डोक्यावर यायच्या आधी तो सूर सापडला. भरलेला, न तुटणारा. फक्त त्याच्याखाली बारीक किरकिर होती, ती बेरिंगची.

रस्त्यापासून एक वाट आत गेली होती. खाली लाल मुरूम. कधीतरी कोणीतरी इथून मुरूम उचलला असणार, कारण वाट संपते तिथं अंगणासारखी सपाट, टणक जागा आणि तिच्या कडेला एकदम खोल, काळंशार पाणी. कडेपासून थोडं मागं एक बाभूळ. बाभळीखाली मोटार. डाव्या अंगाला मुरूम संपून गाळपेर सुरू होत होती, टरबुजाचे वेल, त्यांच्यापुढं काठ हळूहळू उतरत पाण्यात गेलेला.

"कोण हाय?" वेलांतून एक माणूस उठला. चाळिशीचा, गळ्यात तुळशीची माळ, हातात खुरपं. त्याचं नाव विष्णू.

"मोटार कधीपासून हलवली नाही?"

"संक्रांतीपासून. कावून?"

"आणि बेरिंग कधीपासून ओरडतंय?"

तो खुरपं घेऊन जवळ आला. "तुमी वीजवाले का?"

"नाही नाही. परळीला मोटारींचं दुकान आहे."

"मंग बेरिंग ऐकायला परळीवरून आले व्हय?"

मग त्याला सगळं सांगितलं. दाजी, खुबा, दाजींची अट. त्यानं ऐकून घेतलं, बाभळीकडं बघितलं, मुरमाकडं बघितलं. मागून त्याची बायको कौसाबाई हात पुसत आली होती, तीच आधी बोलली. "आणा की म्हाताऱ्याला. सावली हाय, पाणी हाय. बसंना का दिसभर."

"गाडी पाइपावरून घालू नका," विष्णू म्हणाला. "आन् एक. जागेचं नाव कुठं सांगू नका. एक आला की धा येतेत, आन् धा आले की माझी टरबुजं ऱ्हात न्हाईत."

म्हणून गावाचं नाव या लेखात नाही. विचारू नका. रीत सांगितली आहे, कान तुमच्याकडंही आहेत.

बेरिंग मी गाडीतल्या पेटीतलंच बसवून दिलं. विष्णूनं मोटार चालू केली, मान तिरकी करून ऐकलं. "आता झोप येईल हिच्यापाशी," म्हणाला.

तिसरा दिवस: कडेची जागा

सकाळी तलवाड्याकडून दाजींना घेतलं. स्वच्छ धोतर, नवा पटका, काठी, आणि तंगुसाचं रीळ खमिसाच्या खिशात. खुर्ची मी डिकीत टाकली तेव्हा तिच्याकडं त्यांनी असं बघितलं, जणू नको असलेला पाहुणा गाडीत चढलाय. अक्कानं भाकरी, ठेचा, कांदे बांधून दिले, आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "धरू नको हं त्यास्नी. पडले तरी."

"पडले तरी?"

"मंग बघू."

मुरमावर गाडी उभी केली. दाजी उतरले, काठी टेकली, खाली बघितलं, टाचेनं जमीन ठोकली. बाभळीपर्यंत आपल्या पायानं गेले, खुर्चीत बसले आणि कडेच्या पाण्याकडं बघत म्हणाले, "हां." बाकी काही नाही. पण मला लॉटरी लागल्यासारखं झालं. अर्धी अट पूर्ण झाली होती.

आमचं आमिष साधं. कणिक आणि शेंगदाण्याची पेंड, त्यात चिमूटभर बडीशेप, घट्ट मळून बोराएवढ्या गोळ्या. दाजींनी बसल्या बसल्या हातानं दोरी फेकली. गळ पाण्यात गेला, दोरी सरसरत राहिली, राहिली, मग थांबली. "दोन पुरुस तरी हाय," म्हणाले, म्हणजे एकावर एक दोन माणसं बुडतील एवढं. "काठाला! चांगली घावली तुला." मी माझा चक्रीचा रॉड काढला. दाजी मोटारीच्या उलट्या अंगाला बोट करून म्हणाले, "तुझं ते नळकांडं पाइपापासून लांब टाक, तिकडं."

मी तिकडं नाही टाकलं. पंपवाल्याला वाटतं, पाइपाच्या टोकाशी पाण्याला ओढ असते, ओढीला मासा येतो. मासा आला नाही. ओढीनं माझा गळ मात्र गेला, तो थेट पाइपाच्या टोकाला फुटव्हॉलची जाळी असते तिच्यात जाऊन बसला. मी ओढतोय, पाइप हलतोय. मोटारीचा सूर तुटला, घुरघुर सुरू झाली.

विष्णू वेलांतून धावत आला. "बंद करा, बंद करा! पंपवाले म्हणता आन् माझ्याच फुटव्हॉलला गळ लावता?"

दाजी खुर्चीतून म्हणाले, "लई मोठं घावलंय त्याला. पाच हॉर्सपावरचं."

कौसाबाई पदर तोंडाला लावून हसली. माझी इज्जत गेली ती गेलीच, आता पाइप वर काढणं आलं. विष्णू आणि मी पॅन्ट-धोतर खोचून कडेला उतरलो, दोरखंड लावून पाइप ओढायला लागलो. पाण्यानं भरलेला पाइप किती जड असतो, ते ज्यानं ओढलाय त्यालाच विचारा. आम्ही दोघं पाठमोरे, पाण्याखालच्या मुरमाच्या एका अरुंद पायरीवर, कंबरभर पाण्यात, एकमेकाला शिव्या देत. तेवढ्यात वरून कौसाबाईचा आवाज आला.

"आवो! मामा चालले!"

मान वळवली. खुर्ची रिकामी होती. काठी खुर्चीला टेकलेली होती. आणि दाजी मुरमाच्या कडेकडेनं डावीकडं चालले होते, डावा हात पुढं, बोटाला दोरी, दोरी ताणून पाण्यात गेलेली.

माझ्या लक्षात आलं मी काय विसरलो होतो. आम्ही मोटारवाले पाण्याची खोली बघतो. पाणी वर आणायला आमच्याकडं पाइप असतो. मासा पाइपानं येत नाही. उभ्या कडेवरून तो उचलावा लागतो, आणि पातळ दोरीनं मोठा मासा उचलला की दोरी तुटते. तो उताराला न्यावा लागतो आणि पाण्याच्या काठाशी हळूच घसरवत वर घ्यावा लागतो. उतार होता डावीकडं, टरबुजांच्या पलीकडं. आणि दाजी तिकडंच निघाले होते.

मी पाण्यातून निघायला लागलो. अक्काचं बोलणं आठवलं आणि थांबलो. विष्णू पाइप धरून उभा. "मालक, तिकडं गाळ हाय."

दाजी मुरूम संपला तिथं थांबले. खाली बघितलं. उजवीकडं दोन पावलं सरले, पुन्हा खाली बघितलं, आणि एका वाकड्यातिकड्या वाटेनं निघाले, वेलांच्या कडेकडेनं. नंतर मी तिथं जाऊन बघितलं. विष्णूच्या चुलत्याची मेंढरं पाण्यावर जातात ती वाट होती, लेंड्यांनी काळी झालेली. दाजी दोरी सोडत होते, गुंडाळत होते, पुन्हा सोडत होते. मासा आत पळाला की उभे राहायचे, थकला की चालायचे. एकदा डोलले. कौसाबाईनं "अगं आई" म्हणून डोळे मिटले. मी नाही मिटले. ते सावरले.

उताराशी पोचल्यावर त्यांनी मागं न बघता हाक मारली. "सुदाम्या! वाकता येत न्हाई मला. ये, धर."

मी धावलो. माशाला धरायला बोलावलं होतं, त्यांना नाही. रोहू होता, माझ्या कोपरापासून बोटांपर्यंतच्या हातापेक्षा मोठा, खवले तांबूस. मी कल्ल्यात बोटं घालून वर घेतला. दाजींनी एकदा त्याच्या पाठीवरून हात फिरवला, मेंढराच्या फिरवावा तसा.

मग दोघांनी एकदम मागं बघितलं.

बाभूळ लांब होती. फार लांब. मासा बोटाला असताना ते अंतर दाजींना दिसलं नव्हतं, आता दिसत होतं. खुब्यावर हात गेला होता. चेहरा पिवळा पडला होता. गाडी या गाळपेरीत आणता येणार नव्हती. विष्णू पाइप सोडून आला आणि सरळ मनाचा माणूस, म्हणाला, "मामा, पाठंगुळी बसता का? माझी मोटार मी एकटा उचलतो. तुमी काय, त्याच्याहून हलके."

दाजींनी खिशातलं रीळ काढलं, दोरी गुंडाळायला लागले, सावकाश, एकेक वेढा. गुंडाळून झाली तेव्हा ते रीळ माझ्यापुढं धरलं.

मी हात पुढं केला नाही. माशाला दोन्ही हातांनी धरून ठेवलं. दुकानात गिऱ्हाईकाला सांगायला माझ्याकडं दहा गोष्टी असतात.

कौसाबाई खुर्ची डोक्यावर घेऊन येताना दिसली. एका हातात काठी. तिनं खुर्ची दाजींच्या मागं टेकवली, "बसा मामा, घामाघूम झालाव," म्हणाली. दाजी बसले. तिनं दिलेलं पाणी प्यायले. पटका सोडून तोंड पुसलं. तलावावर वारा पडला होता, लांब तराफे ठिपक्यांसारखे, एक माणूस उभ्यानं जाळं टाकत होता.

घाम वाळल्यावर दाजी काठीवर जोर देऊन उठले. काठीच्या टोकानं वाटेवरची एक जागा दाखवली, झोपडीतल्या चुलीपासून पाण्याच्या माठापर्यंत असेल एवढ्या अंतरावरची. "बाई, खुर्ची तिथं ठिव."

तिनं ठेवली. दाजी चालत गेले आणि बसले.

"झाला एक मुक्काम," म्हणाले. "दम खाऊ द्या मेंढरास्नी."

विष्णूला आधी कळलं नाही. मला कळलं, आणि मी दुसरीकडं बघून नाक शिंकरलं. असेच तर ते जन्मभर तलवाड्यापासून कुठल्या कुठं गेले होते. एका दमात कोणी जात नाही. बिऱ्हाड पुढं जातं, चूल मांडली जाते, मग माणसं आणि मेंढरं पोचतात. आता बिऱ्हाड म्हणजे एक लाल खुर्ची होती आणि घोडा आम्ही तिघं आळीपाळीनं होतो.

दुसऱ्या मुक्कामाला त्यांनी ठेच्याबरोबर भाकरी खाल्ली. तिसऱ्याला विष्णूनं टरबूज फोडलं. त्याला मासा देऊ केला तर माळेला हात लावून म्हणाला, "आमच्यात चालत न्हाई. तुमीच खावा आन् आमाला दुवा द्या." कुठल्याशा मुक्कामाला दाजींनी त्याला खतासाठी शेतात मेंढरं बसवायचा भाव विचारला, तिथून घासाघीस सुरू झाली ती दोन मुक्काम पुरली. अडचण एकच होती: ते उठले की खुर्ची पुढं नेऊन ठेवेपर्यंत त्यांना उभं राहावं लागायचं. तेवढ्यात पाय थरथरायचा. पण हात कोणी लावला नाही. ऊन कलायला लागलं होतं तेव्हा निघालो होतो, बाभळीची सावली लांब पाण्यात पडली तेव्हा पोचलो.

गाडीत बसताना दाजींनी ते रीळ पुन्हा खमिसाच्या खिशात घातलं. वाटेत तलवाड्यापर्यंत ते मला माझ्या फुटव्हॉलवरून बोलत होते.

घरी

परळीला येऊन महिना होत आला. रोहू अक्कानं त्याच संध्याकाळी केला होता, काळ्या मसाल्यात, ज्वारीच्या भाकरीशी. त्याची चव राहिली नाही, असं नाही. पण मोटारीपुढं बसलो की डोळ्यापुढं येतं ते वेगळंच: मुरमावरून खुर्ची उचलून पुढं चाललेली कौसाबाई. मी चांगली जागा शोधत होतो. जागा चांगली होतीच, माझा कान चुकला नव्हता. पण माझा हिशेब पाण्यापर्यंत पोचायचा होता. मासा लागल्यावर माणूस कुठंवर जाईल आणि तिथून कसा येईल, ते मी धरलंच नव्हतं.

तुम्हीही कोणा थकल्या माणसाला घेऊन असल्या तलावाला जाणार असाल तर एवढं ऐका. मोटारीचा आवाज ऐका, लेंड्यांच्या वाटेनं चाला, कडेच्या जागेपासून उतार किती लांब आहे ते आधी चालून बघा, शेतवाल्याला विचारल्याशिवाय पाय टाकू नका. आणि खुर्च्या दोन न्या. एकीवर माणूस बसलेला असताना दुसरी पुढं जाते.

हे शेवटचं माझं नाही, दाजींचं. तिथून आल्यावर चौथ्या दिवशी त्यांनी अक्काकरवी दुसरी खुर्ची आणवली. आता सकाळी एक दाराशी आणि एक लिंबाखाली असते म्हणे, आणि दुपारपर्यंत दोन्ही कुठल्या कुठं गेलेल्या असतात. अक्का तक्रार करते, घरात पाहुण्याला बसायला खुर्ची राहत नाही. तक्रार करताना तिचा आवाज कसा असतो, ते मी ऐकून घेतो.

परवा फोन आला तो भर दुपारीच. पण दाजींचा.

"काय बे, दुकानात हाय का? येताना आणखी एक खुर्ची घेऊन ये. तिसरी."

"तलावाला?"

"न्हाई बे. फाट्यावर न्हाव्याकडं जायचंय. घरी येऊन करतो दाढी, पर त्याला गप्पा सुचत न्हाईत घरी."

"न्हाव्याकडं खुर्ची असते की, दाजी."

"तिथली हाय," ते म्हणाले. "दाराशी एक, लिंबाखाली एक. मधल्या वाटंला लागती."